लिंबाला टांगलेली पिशवी

"हाक अशी मारायची अब्बा, की घरच्यांनाच ऐकू यावी आणि घसाही बसू नये."

अर्शी हे बोलली तेव्हा गनीभाई मणियार एका मोबाईलची तडकलेली काच चिमट्याने उचलत होते. चिमटा तसाच हवेत धरून त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिशी ओलांडलेली, केसांत पेन्सिल खोचलेली, मांडीवर लॅपटॉप आणि समोर सतरंजीवर जुन्या फोनांची रांग. लॉकडाऊनमध्ये ती पुण्याहून तिसगावला आली आणि इथूनच कंपनीचं काम करत राहिली. ती काय करते असं गावात कुणी विचारलं की गनीभाई "मोबाईलचंच" म्हणून वेळ मारून नेत. स्वतः मोबाईल दुरुस्त करणाऱ्या माणसाने असं म्हणावं, ह्यात थोडा अभिमान होता आणि बरंचसं अज्ञान. आज त्यांनी सरळ विचारलं, म्हणून तिने सांगितलं.

"कोण कुणाला हाक मारतंय?"

"फोन फोनला. टॉवर नसला, नेट नसलं तरी. जवळपास आपल्या माणसाचा फोन आहे का, एवढंच विचारायचं. पण विचारताना आपण कोण, हे परक्याला कळू द्यायचं नाही. म्हणून फोन थोड्या थोड्या वेळाने आपलं नाव बदलतो."

गनीभाईंनी काच बशीत ठेवली. "म्हणजे बहुरूपी. गावभर सोंगं घेऊन फिरतो, पण बायको बरोबर ओळखते."

अर्शी खळखळून हसली. ती घरात फार हसत नसे, त्यामुळे खालून तिच्या आईने, शकिलाने, "काय झालं गं?" म्हणून आवाज दिला. पुढे पुण्याच्या मीटिंगमध्येही त्या नाव बदलण्याला सगळे 'बहुरूपी' म्हणू लागले, हे कळल्यावर गनीभाईंनी तीन दिवस तो विषय ह्या ना त्या निमित्ताने गिऱ्हाइकांपुढे काढला.

त्यांचं दुकान एकच, पण दोघांचं. रस्त्याकडून उभं राहिलं तर डाव्या हाताला शकिलाच्या बांगड्या, उजव्या हाताला गनीभाईंचे मोबाईल. मणियारांचा पिढीजात धंदा बांगड्यांचा. गनीभाईंचे हात मात्र जाड, बायकांच्या मनगटावर बांगडी चढवताना ती फुटायची, म्हणून बापाने त्यांना घड्याळं उघडायला बसवलं. पुढे घड्याळं संपली आणि मोबाईल आले. बायको बांगड्या भरत राहिली. तालुक्यातल्या निम्म्या बायकांची मनगटं शकिलाच्या हातांना पाठ होती.

वरची खोली अर्शीची. तिथे ती काय काय करील ह्याचा नेम नसे. एकदा शकिला बाजरी काढायला गेली तर पत्र्याच्या रिकाम्या कोठीत चार फोन निजवलेले.

"अगं, धान्याच्या कोठीत मोबाईल?"

"पत्र्याच्या आत बाहेरची हाक पोचत नाही, अम्मी. कंपनीत ह्याच कामासाठी वेगळी खोली असते. आपल्याकडे कोठी आहे."

दुसऱ्या वेळी तिने घरातली मडकी, कळशी, बादली सगळं पाण्याने भरून खोलीत गोल मांडलं आणि मधोमध फोन ठेवला. शकिला दारात कमरेवर हात ठेवून उभी. अर्शी म्हणाली, "माणूस म्हणजे पाण्यानं भरलेलं मडकंच, अम्मी. फोनची हाक माणसाच्या अंगात बुडते. गर्दीत किती बुडते ते बघतेय." शकिलाने त्यातली एक कळशी उचलली, "ह्या माणसाला मी चहाला नेते," म्हणाली आणि खाली गेली.

गनीभाईंच्या वाट्याला आलेलं काम सगळ्यात वाईट होतं. त्यांना चोर व्हावं लागलं. अर्शीने त्यांच्या हातात एक फोन दिला, जो फक्त ऐकत होता. तो घेऊन त्यांनी एसटी स्टँडवर बसायचं. अर्शी वेगवेगळ्या वेळी तिथून जाणार. आधी गेलेली आणि आता गेलेली एकच, हे त्या फोनला ओळखता येतं का, ते बघायचं होतं.

"सगळा जन्म इमानात काढला आणि पोटच्या पोरीनं चोर केला," असं ते चहाच्या टपरीवर स्वतःच बोलून बसले. झालं. तेव्हापासून टपरीवाले त्यांना बघितलं की गल्ल्यावर हात ठेवू लागले. "या गनीभाई, आज कुणाच्या मागावर?"

आणि चोर एकदा जिंकलाही. फोन नाव बदलत होता, पण नाव बदलताना एक जुनी खूण तशीच मागे राहत होती. अंगरखा बदलला आणि वहाणा त्याच, असं काहीतरी. संध्याकाळी अर्शीने नोंदी बघितल्या, कपाळावर हात मारला आणि बापाला म्हणाली, "पकडलंत तुम्ही मला." त्या चुकीच्या मागे ती कितीतरी दिवस होती. तेव्हा गनीभाईंना पहिल्यांदा कळलं की त्यांची मुलगी कुठल्या जातीची कारागीर आहे. स्वतःची चूक सापडल्यावर तिच्या चेहऱ्यावर राग येत नसे. एक प्रकारची भूक येत असे.

दुसरी भानगड बॅटरीची. फोन सारखा हाका मारत राहिला तर दुपारपर्यंत गळून पडतो. गप्प राहिला तर सापडत नाही. अर्शीने एकाच वयाचे फोन फळीवर मांडले होते, कुणी वरचेवर हाक मारणारा, कुणी सावकाश. ते एकेक करून विझत आणि ती आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखी बघत राही. अखेर तिला एक गोष्ट सुचली. माणूस हरवतो तो हलल्यावर. म्हणून फोन हलत असेल तर त्याने वरचेवर हाक मारावी. एका जागी पडून असेल तर डुलक्या घ्याव्यात, मधूनच एखादी हाक. पार्थने हे ऐकून पुण्याहून "वा!" म्हटलं. पार्थ म्हणजे तिचा साहेब. वयाने तिच्याहून थोडा लहान, मनाने चांगला, बोलायला घाईचा.

ह्या सगळ्याला खरं गिऱ्हाईक मिळालं ते बिबट्यामुळे. पाथर्डीच्या बाजूला बिबट्या दिसल्यापासून कापूस वेचणाऱ्या बायका एकटीदुकटीने रानात जाईनात. कपाशी छातीएवढी. बायका सऱ्यांमधून पांगतात, खाली वाकतात आणि दिसेनाशा होतात. एखादी ओढ्याकडे गेली तर गेली. शिवारात रेंज नाही. एका शेतकरी कंपनीला असं काही हवं होतं की टोळीतल्या एखाद्या बाईचा फोन थोडा वेळ सापडला नाही, तर टोळीच्या मुकादमीण बाईच्या फोनने भोंगा वाजवावा.

पार्थने अर्शीला सांगितलं, ह्या हंगामात टोळीवर चाचणी घे. तू पास म्हणालीस की शेतकरी कंपनी हे घेणार, आणि अशा शेतातल्या चाचण्यांचं काम कायमचं तिसगावातून चालणार, तुझ्याच खोलीतून. नाहीतर आता सगळ्यांना ऑफिसात परत बोलावतायत. तुलाही पुण्याला यावं लागेल.

हे अर्शीने जेवताना सांगितलं, जसं लाईट जाणार आहे म्हणून सांगावं तसं. शकिलाने मुलीच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. गनीभाईंनी दुसऱ्याच दिवशी वरच्या खोलीचा गळका पत्रा बदलायला माणूस बोलावला, चुना लावून घेतला आणि नवा पंखा आणला. एकुलती एक मुलगी. ती वर चालत असली की खाली दुकानात छताची फळी वाजायची. तो आवाज बंद झालेलं दुकान त्यांनी ती पुण्याला असताना पाहिलं होतं. त्यांना ते पुन्हा पाहायचं नव्हतं.

टोळी लंकाबाईची. लंकाबाई उंच, काळी, आवाजाने टेम्पो थांबवणारी. बायका बांगड्या भरायच्या निमित्ताने दुकानात जमल्या आणि अर्शीने प्रत्येकीच्या फोनात ते ॲप घातलं.

"अर्शे," बनुबाईने विचारलं. ती टोळीतली सगळ्यात बारकी आणि सगळ्यात बोलकी. "आमचा मालक मला ह्येच्यातून हुडकील का?"

"नाही मावशी. तुमच्या टोळीलाच तुम्ही दिसणार. नवऱ्याला नाही, सासूला नाही, मलापण नाही."

"मंग घाल. दोनदा घाल."

बायका हसल्या. लंकाबाई म्हणाली, "अर्शे, एवढ्या लोकांचे फोन एकमेकांला दावतीस, तुला येखादा नवरा न्हाई व्हय दावीत ह्यो फोन?"

"दाखवतो की, मौसी. पण बॅटरी लई खातो म्हणून बंद ठेवलाय."

पहिल्या दिवशी अर्शी टोळीबरोबर पिकअपमध्ये बसून कानिफनाथ बापू नावाच्या शेतकऱ्याच्या रानात गेली. बायकांनी फोन रुमालात बांधून कमरेला खोचले आणि फोटो काढायला बसल्यासारख्या दिवसभर अवघडून वेचत राहिल्या. निकाल मध्यम आला. दोन फोन घरी पोचायच्या आत विझले. एकदा भोंगा उगाच वाजला आणि सगळ्या कापूस टाकून पळाल्या. अर्शीने रात्रंदिवस एक करून त्या डुलक्यांचा हिशेब सुधारला, नवं फोनांत घातलं आणि ह्यावेळी ती शेतावर गेली नाही. आपण असलो की बायका अवघडतात, त्यांना त्यांच्या पद्धतीने काम करू द्यावं, असं तिचं म्हणणं होतं. संध्याकाळी पिकअप दुकानापुढे थांबे, बायका चहा घेत आणि ती फोनांतल्या नोंदी उतरवून घेई.

निकाल बदलले. पहिल्या दिवशी चांगले, मग अधिक चांगले, मग इतके चांगले की पार्थने दोनदा विचारलं, आकडे बरोबर आहेत ना? भोंगा एकदाही नाही. एकही बाई एकदाही हरवली नाही. आणि फोन संध्याकाळी अर्ध्याहून जास्त भरलेले. "डुलक्या कामाला आल्या," अर्शी म्हणाली. ती त्या आठवड्यात जिना उतरताना गुणगुणत होती. तिने पार्थला कळवलं, चालेल. पार्थने लगेच कळवलं, कराराचे पेपर घेऊन मीच येतो, जेवायलाही येतो.

गनीभाईंनी पेढे वाटले. टपरीवर सगळ्यात आधी. "चोराकडून घ्या," म्हणाले.

पार्थ यायच्या आदल्या दिवशी शकिलाने टोळीतल्या प्रत्येक बाईसाठी हिरव्या बांगड्यांचा जोड काढला. "पोरींनी एवढं केलं, त्यांच्या हातात काहीतरी पडू दे." गनीभाईंनी स्कूटर काढली. मागे अर्शी, मांडीवर बांगड्यांचा खोका.

बापूंच्या रानाशी पोचले तेव्हा बांधावरच्या लिंबाखाली कुणी नव्हतं. डबे, पाण्याचे ड्रम, चपला आणि फांदीला टांगलेली एक मोठी कापडी पिशवी. वाऱ्याने ती जराशी झुलत होती. कपाशीतून लंकाबाईचा आवाज येत होता, नेहमीचा नव्हे, फाटलेला.

"बनेऽऽ! अगं ए बनेऽऽ!"

मग दुसऱ्या बायकांचे आवाज, वेगवेगळ्या बाजूंनी. शेताच्या कडेला ऊस उभा होता, काळोख भरून ठेवल्यासारखा.

लंकाबाई सऱ्यांतून बाहेर आली. ओटीतला कापूस सांडत होता, तिचं लक्ष नव्हतं. "गनीभाई, बनुबाई घावंना. मघाशी माझ्या शेजारच्या सरीला हुती. आता कुटंच न्हाई."

अर्शी म्हणाली, "फोन बघा ना, मौसी. भोंगा नाही वाजला?"

लंकाबाईने तिच्याकडे असं पाहिलं की गनीभाईंना ते बघणं नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं. त्या बघण्यात दोष नव्हता. आत्ता हे काय काढलंस, एवढंच होतं. तिने हात लांबवून फांदीवरची पिशवी दाखवली.

अर्शीने पिशवी उतरवली. आत सगळ्यांचे फोन, एकमेकांना बिलगलेले, अंड्यांसारखे. तिने लंकाबाईचा फोन काढला. पडद्यावर टोळीतली सगळी नावं हिरवी होती. बनुबाई: जवळ.

"सगळ्याजणी फोन इथंच ठेवता?"

"मंग कुटं ठिवायचे?" दुसरी बाई धापा टाकत म्हणाली. "मागल्या साली बनीचा फोन वटीतून कापसात गेला. गठुडं बांदलं, टेम्पोत घातलं. चार दिसांनी यापाऱ्याच्या गोडाऊनात ढिगात वाजाय लागला. यापारी म्हनतो, कापूस बोलतोय. तवापासून समद्याजनी येकाच पिशवीत ठिवतो. पयल्या दिशी तू हुतीस म्हनून कमरंला लावले."

पिशवी तशीच खाली ठेवून अर्शी कपाशीत शिरली. गनीभाईही शिरले. बोंडांच्या वाळल्या नख्या हाताला बोचत होत्या. छातीएवढ्या कपाशीत दोन सऱ्यांपलीकडचं माणूस दिसत नाही हे त्यांना ऐकून माहीत होतं, आज अंगावर आलं. मुलीची फक्त हाक ऐकू येत होती. "बनुमावशी! बनुमावशी!" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी, घसा बसेल अशी हाक मारत होती.

बनुबाई ओढ्यात सापडली. अर्शीलाच. आडोशाला म्हणून उतरली होती, दगड निसटला, पाय मुरगळला. ओरडून ओरडून दमली, पण पलीकडे कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता. मग हाताशी बोराटी होती, तिची बोरं खात बसली.

"आगं, वाघ आला असता तर?" लंकाबाई एकाच वेळी रडत आणि रागवत होती.

"आला असता तर त्येला बी दिली असती दोन," बनुबाई म्हणाली. मग अर्शीचं ओरबाडलेलं तोंड बघून म्हणाली, "तू का रडतीस गं? पाय माझा मोडलाय."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बांगड्या लिंबाखालीच वाटल्या गेल्या. बनुबाईने तर एक पाय कानिफनाथ बापूंच्या फवारणीच्या पंपावर ठेवून ऐटीत भरून घेतल्या. अर्शी पिशवीकडे बघत होती.

परतीच्या वाटेवर ती एकदाच बोलली. "ती डुलक्यांची करामत नव्हती, अब्बा. फोन दिवसभर झाडाला टांगलेले होते. हलले नाहीत, म्हणून झोपले. झोपले, म्हणून बॅटरी उरली. आणि सगळे एका पिशवीत, मग हरवतील कसे? मी पिशवीची चाचणी घेतली."

गनीभाईंनी स्कूटर हळू केली. माणसाच्या तोंडून काही वाक्यं निघतात ती त्याने आधी मनात बनवलेली असतात, त्याचं त्यालाच माहीत नसतं. ते म्हणाले, "फोन तर सापडले ना, बेटा? तुझं काम फोनचं. तू खोटं कुठं बोललीस? उद्या पार्थला कशाला सांगायचं? पुढं सावकाश दुरुस्त कर. इथंच बसून."

तिच्या हाताची त्यांच्या खांद्यावरची पकड सैल झाली, आणि उरलेल्या रस्त्यात गनीभाईंना तो खांदा सारखा जाणवत राहिला.

दुसऱ्या दिवशी पार्थ आला. शकिलाने बिर्याणी केली होती. वरच्या खोलीत नव्या पंख्याखाली सगळे सतरंजीवर बसून जेवले. पार्थने खोलीचं कौतुक केलं, इथे टेबलं कशी लावायची, आणखी एक-दोन मुली ठेवायच्या, असं बोलत राहिला. हात धुऊन झाल्यावर अर्शीने त्याला लिंब सांगितला, पिशवी सांगितली, बनुबाई सांगितली. काही हातचं राखलं नाही.

पार्थ म्हणाला, "वाईट झालं. म्हणजे, बाई सापडली हे चांगलं झालं. पण अर्शी, आपण लिहून काय दिलंय? फोन एकमेकांना ओळखतात. ओळखतात ना?"

"ओळखतात."

"परक्याला कळत नाही. बॅटरी टिकते."

"पिशवीत टिकते."

"फोन अंगावर ठेवा, अशी सूचनेत एक ओळ टाकू. मोठ्या अक्षरात. ठेवायचा कुठे हा आपला प्रश्न नाही."

"कापूस वेचताना तू फोन कुठे ठेवशील?"

"खिशात."

"त्यांना खिसा नसतो, पार्थ."

खाली रस्त्यावर उसाची ट्रॉली गेली, खिडकीची काच थरथरली. गनीभाई भिंतीला टेकून बसले होते. पार्थ आता जे बोलणार ते आपण काल स्कूटरवर बोललो आहोत, हे त्यांना कळत होतं. तो मुलगा बोलायच्या आधीच त्यांना त्याची लाज वाटली, आणि मग ती त्याची नाही हे उमगलं.

"हे बघ," पार्थ समजुतीने म्हणाला, "तू नापास म्हणालीस तर हंगाम गेला. ती कंपनी दुसऱ्याकडे जाईल. ही खोलीपण जाईल. मी तुला इथून काढू इच्छित नाही, देवाशपथ. फोन सापडले. तेवढंच म्हण. चाचणीत सगळे फोन सापडले. हे तर खरं आहे? हो की नाही, एवढं सांग."

अर्शीने बापाकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी घड्याळाचं चाक हातातून पडून हरवलं की ती अशीच बघायची. ते शोधू द्या, ओरडू नका, एवढंच त्यात असायचं. गनीभाईंना वाटलं, आपण काहीतरी बोलावं. बेटा, सांग त्याला, असं काहीतरी. ते सतरंजीची दशी ओढत राहिले.

ती उठली. कोपऱ्यातून शकिलाची बांगड्यांची कापडी पिशवी आणली आणि रिकामी केली. पार्थपुढे हात केला. त्याला कळेना. तिने त्याच्या मांडीजवळचा फोन दाखवला. त्याने तो दिला. मग शकिलाचा घेतला. मग गनीभाईंचा, त्यांनी तो खिशातून काढून तिच्या हातात ठेवताना तिची बोटं क्षणभर धरून ठेवली. ह्या सगळ्या फोनांत ते ॲप पहिल्यापासून होतंच, घरचा एक गट होता आणि पार्थही त्यात होता. शेवटी तिने आपला फोन पिशवीत टाकला आणि पिशवी पंख्याच्या बटणाशेजारच्या खिळ्याला टांगली.

चाचणीचा एक फोन तेवढा तिने बाहेर ठेवला, मुकादमिणीच्या फोनासारखा, जो सगळ्यांवर लक्ष ठेवतो तो. सतरंजीवर, ताटांच्या मधोमध, पडदा वर करून.

मग ओढणी डोक्यावरून घेतली आणि दाराबाहेर गेली.

जिन्याच्या पायऱ्या वाजल्या. आता खाली दुकानात छताची फळी वाजणार नव्हती, वर चालणारी बाहेर गेली होती. पार्थ त्या फोनवर वाकला. गनीभाईही वाकले. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नसे, पण हिरवा रंग दिसत होता. शकिलाने वाचून दाखवलं. पार्थ: जवळ. गनीभाई: जवळ. शकिला: जवळ. अर्शी: जवळ.

गनीभाई खिडकीशी गेले. ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली होती, टपरीच्या पुढे, जिथून लंकाबाईची पिकअप सुटते त्या बाजूला. बाजारची गर्दी होती. डोक्यावरची ओढणी दिसत होती, मग नुसता रंग, मग तोही नाही. तिला हाक मारावी म्हणून त्यांचा हात खिशात गेला. खिसा रिकामा होता.

मागे पार्थ हलक्या आवाजात म्हणाला, "अजून जवळच दाखवतोय."